नदीपलीकडचा माळा

माझी ताई अंगठ्याएवढ्या एका वटवाघळापायी लोकांचे माळे धुंडाळत फिरते. मी रंगारी, त्यामुळे शिडी माझी, आणि सुट्टीचा सत्यानाशही माझाच. हे वटवाघूळ फारसं कुणाला ठाऊक नाही. ते कुठवर राहतं याचा नकाशा ताईनं एकटीनं केला आणि नदीपाशी रेघ मारली: याच्या पलीकडे ते नाही. तिच्या क्षेत्रातले लोक ती रेघ तिच्या आडनावानं ओळखतात. घरी आम्ही त्यावरून तिला चिडवतो, पण पाहुण्यांना आवर्जून सांगतोही.

नकाशा पुढच्या आठवड्यात छापायला जायचा होता. तरी ही बया नदीपलीकडच्या माळ्यांवर चढतच होती. "नाही म्हणायचं तर आधी बघायला नको का?" हे तिचं ठरलेलं उत्तर. माझं डोकं फिरायचं.

त्या दुपारी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी माळ्याच्या दाराखाली काळे दाणे पडले होते.

"उंदरांच्या लेंड्या आहेत त्या," बाई म्हणाल्या.

ताईनं हातमोज्यातल्या बोटांनी एक दाणा चुरला. उंदराची लेंडी कडक असते. याची पूड झाली आणि तिच्यात किड्यांच्या पंखांचे कण चमकले. ती वर चढली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"आहे. तुळईला एक लटकलंय. पंखांना पांढरी किनार, तेच."

"एकच ना? आलं असेल वाट चुकून. कशाला मनाला लावून घेतेस?"

"वाट चुकलं असेल तर रेघ राहील. इथं पिल्लं होत असतील तर गेली." तिनं कपाळ पुसलं. "आतला कोपरा नीट बघितला नाही मी. शिडी धर."

चल घरी, असं अगदी तोंडावर आलं होतं माझ्या. मी असतो तर ओल आलेल्या भिंतीवर रंग फासून मोकळा झालो असतो. ही मात्र आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला निघाली होती, तेही घाईघाईनं. अशी बहीण मिळायला नशीब लागतं, हे मला शिडी धरून उभं असताना कळलं.

वर तिच्या विजेरीचा उजेड आतल्या कोपऱ्यात जाऊन थांबला. मला राहवेना.

"ताई, रेघ राहिली का गं?"

"गेली," ती कुजबुजली. आवाजात चक्क हसू होतं. "कोपऱ्यात बऱ्याच जणी आहेत, छातीशी पिल्लं घेऊन. ओरडू नकोस, वर बाळंतिणी आहेत."