पितृत्व रजा, पंधरा दिवस

सोयाबीननं लागोपाठ दोन वर्षं मान टाकली म्हून मी न् प्रणाली मूर्तिजापूरकडचं गाव सोडून नांदगाव पेठेत आलो. एकाच कपड्याच्या युनिटमदी लागलो. मी कटिंगले, बायको लाइन तीनवर शिलाईले.

जून चालू होता. प्रणालीले सहावा लागला होता, पन हे आमाले दोघालेच ठाऊक. ढिला कुर्ता, वरून ओढणी. कारण लाइन दोनच्या यास्मीनचं पोट दिसलं तवा सायेब लय गोड बोलले होते, "घरी आराम करा, बाळ झालं की या." बाळ आता रांगून राह्यलं. यास्मीनले गेटच्या आत घेतलं नाई.

मंग बोर्डावर कागद लागला. पितृत्व रजा, पंधरा दिवस, पूर्ण पगारी.

"पितराची सुट्टी हाये बे," माझ्याच टेबलावरचा शालिकराम म्हणे. "पितृपंधरवडा कितीचा? पंधराचाच ना?"

मले डाऊट आला. दिवाळीले दोन दिवस देतानी रडते कंपनी, न् पितराले पंधरा?

"मालक देवभोळा हाये. गेटवर मारोती कोनं बांधला?"

माह्या बाबाले जाऊन वर्ष होत होतं. भरला अर्ज. त्यात 'पत्नीचे नाव व विभाग' असा रकाना. वाटलं, पूजेले जोडीनं बसा लागते म्हून विचारत असतीन. लिवलं, प्रणाली, लाइन तीन.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. नगमा मॅडम, अकोल्याच्या, नव्याच आलेल्या.

"अभिनंदन गोपाल! कोणत्या महिन्यात?"

अभिनंदन काहून, समजलं नाई. म्हनलं, "भादव्यात, मॅडम. दरवर्षी भादव्यातच राह्यते."

"दरवर्षी?" त्या हसल्या. मंग बोटं मोजले. "म्हणजे सप्टेंबर. प्रणालीला आता सहावा असेल."

हे मॅडमले कोनं सांगितलं?

मॅडमनं समजावलं. पितृत्व म्हंजे बाप होनं. आपलं गिऱ्हाईक स्वीडनचं. तिकडं बाप महिनोन् महिने सुट्टी घेऊन पोर सांभाळतेत, म्हून त्याईनं इथंही द्या म्हनलं.

"अन् पोराच्या मायची नोकरी?"

"राहीलच की."

"लिहून द्याल?"

मॅडम फायली सरळ करू लागल्या. "विश्वास ठेव ना."

यास्मीनशीही असेच गोड बोलले होते.

जेवनाच्या सुट्टीत प्रणालीले सांगितलं. तिनं उघडला डबा बंद केला. "बाप गेल्याची सुट्टी न् बाप होन्याची सुट्टी, येवढं समजत नाई तुमाले? उद्या गेटवर अडवतीन मले!"

"चुकून भरला म्हनू."

"न् पोटही चुकून आलं म्हनू?"

उठली. ओढणी काढून खांद्यावर टाकली न् चालली सरळ ऑफिसात. मी मांगं. बाळंतपणाच्या सुट्टीचा अर्ज उभ्या उभ्याच लिवला, कामावर वापस यायची तारीख टाकून. दोन प्रती.

"पोच द्या, मॅडम. शिक्का न् तारीख."

"ठेवून जा, पाहते मी."

"थांबतो ना मी," प्रणाली म्हणे.

"तुला पॅकिंगला टाकू का? बसून काम आहे."

"पॅकिंग ठेकेदाराचं हाये. कंपनीतून नाव जाईन माह्यं. मी लाइन तीनच."

मॅडमनं दरवाजाकडं पाह्यलं, आमच्याकडं पाह्यलं. शिक्का हातात धरून बसल्या. मंग मारला.

प्रणालीनं तारीख दोनदा वाचली, तवा कुठं घडी केली. बाहेर येऊन मले म्हणे, "तुमच्या अर्जाची पोच?"

"नाई घेतली. आता तो अर्ज तं..."

"फिरा मांगं. पंधरा दिवस पोराचे लंगोट कोन धुईन?"