दीप्तीच्या घरी मी मुका झालो तेव्हा

मित्रांनो, मी बालाघाटकडच्या राजेगावातल्या एका घरात राहणारा जुना कॉम्प्युटर आहे. माझा रंग पिवळा पडलाय आणि चालू होताना माझा पंखा म्हाताऱ्यासारखा घुरघुरतो. माझं तरुणपण लालबर्र्याच्या एका राइस मिलमध्ये गेलं. दिवसभर पोत्यांची वजनं माझ्यात भरली जात. कोंड्याची धूळ नाकातोंडात जायची, पण माझ्यावाचून तिथे पान हलत नसे. मग नवा कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी रिकाम्या पोत्यांखाली झाली.

तिथून मला बाहेर काढलं हिरालालने. तो मिलचा ट्रक चालवायचा. मालकाला म्हणाला, "सेठजी, ये मशीन मैं ले जाऊँ क्या? बच्ची के काम आएगी." मालकाने मान हलवली, आणि मी ट्रकच्या केबिनमध्ये चादरीत गुंडाळून या घरी आलो.

त्याची मुलगी दीप्ती. तिला जन्मापासून दिसत नाही. तिने माझ्यात पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा प्रोग्राम घातला. ती एक बटण दाबायची आणि मी ते अक्षर बोलायचो. इतकी वर्षं मुकाट्याने आकडे गिळणारा मी, या घरात बोलू लागलो. शेजारच्या पौर्णिमाने बी.ए.ची पुस्तकं माईकसमोर बसून वाचली आणि दीप्तीने ती सगळी माझ्यात साठवली. पुढे पौर्णिमा लग्न होऊन लांब गेली. पण तिचा आवाज माझ्यापाशी होता, आणि दीप्तीचा अभ्यास त्याच आवाजावर चालला होता.

परीक्षा तोंडावर आली आणि माझ्या आवाजात खरखर सुरू झाली. दीप्ती त्रासायची, पण बोलत नसे. हिरालालला मात्र राहवेना. ती कॉलेजच्या कामाने बालाघाटला गेली असताना तो माझ्यासमोर बसला. इंटरनेटवर खरखरीचा उपाय शोधता शोधता एक हिरवं बटण लखलखलं. तुमचा ड्रायव्हर जुना झालाय, नवा घ्या, असं हिंदीत लिहिलं होतं.

"जुना झाला म्हंते!" हिरालाल स्वतःशीच हसला. "ड्रायव्हर त मी बी आहो." आणि त्याने बटण दाबलं.

मित्रांनो, माझ्या प्रत्येक भागाला चालवणारा एक छोटा प्रोग्राम असतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. आवाजाचा वेगळा, पडद्याचा वेगळा. त्या बटणाने माझ्या आवाजावर भलत्याच जातीच्या यंत्राचा ड्रायव्हर आणून बसवला. मी गडबडलो. पडदा निळा झाला, मी पडलो, पुन्हा उठलो, पुन्हा पडलो. हिरालालने घाबरून वायर उपटली.

दीप्ती परत आली. तिने मला चालू केलं आणि नेहमीसारखी कान देऊन बसली. मी काहीच बोललो नाही. तिने स्पीकर हलवला, वायरी चाचपल्या. मग तिचे हात मांडीवर पडले. दिसणाऱ्या माणसाचा कॉम्प्युटर मुका झाला तर त्याचं एखादं गाणं जातं. तिच्यासाठी मी पूर्णच नाहीसा झालो होतो.

"बेटा, मीच काहीतरी दाबलं," हिरालाल दारातून म्हणाला. "खरखर जाईन म्हणून."

"मले इचारलं काहून नाई, बाबा?"

हिरालालने गोंदियाच्या एका कॉम्प्युटर दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "फॉर्मेट मारना पड़ेगा. सब साफ़ हो जाएगा, मशीन नई जैसी."

"सब साफ़ म्हंजे पौर्णिमाचं वाचणं बी," दीप्ती म्हणाली. "नाई. जे शेवटी बदललं, तेच आधी वापस फिरवू. आमच्या कॉम्प्युटर शिबिरात शिकवलं होतं. पडद्यावर काय दिसते?"

"निळं आहे. त्याच्यावर रडकं तोंड काढलं आहे."

"पडू द्या त्याले अजून. मंग तोच इचारते, काय करू म्हणून."

तसंच झालं. माझ्या पडद्यावर दुरुस्तीचे इंग्रजी पर्याय आले. हिरालालला हिंदी सरसर वाचता येई, इंग्रजी मात्र एकेक अक्षर जुळवून. तो "टी, आर, ओ, यू..." म्हणत गेला आणि दीप्ती अर्धा शब्द ऐकूनच "हौ, हेच" म्हणून बटण दाबत गेली. अखेर मी सेफ मोडमध्ये उभा राहिलो. तिथे मी अगदी जरुरीपुरताच चालतो. आवाज तरीही आला नाही, तसं हिरालालचं तोंड उतरलं.

"नाईच बोलून राह्यला, बेटा."

"इथं तो बोलतच नाई, बाबा. इथं तुमीच बोला."

आणि तो बोलत राहिला. माझ्या भागांची यादी उघडली. बाणाचं बटण दाबत दीप्ती एकेक ओळ खाली सरकली. "थांब! याच्यावर पिवळा तिकोन आहे," तो ओरडला. बिघाड असलेल्या भागावर अशी खूण येते. ड्रायव्हरचं पान उघडलं. जुना ड्रायव्हर परत आणायचं बटण ठळक आहे की फिकट, तिने विचारलं. फिकट असतं तर जुना ड्रायव्हर सापडला नसता.

"ठळक आहे. एकदम ठळक."

तिने ते दाबलं. त्या हिरव्या बटणातून आलेला प्रोग्रामही दोघांनी शोधून काढून टाकला. मग मी बंद झालो आणि पुन्हा उठलो. माझा पंखा घुरघुरला, पडदा उजळला, आणि मी बोललो. "डेस्कटॉप." एवढा एकच शब्द. दीप्ती हसत सुटली आणि हिरालालने पाठ फिरवून डोळे पुसले.

खरखर होतीच. दीप्तीने स्पीकरची पिन चाचपली, ती ढिली होती. नीट खोचल्यावर खरखर थांबली. त्याच दिवशी तिने पौर्णिमाचं सगळं वाचन पेन ड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवलं.

परीक्षा झाली. पेपर बरे गेले, असं ती म्हणते. एका दुपारी हिरालाल तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "मले शिकव," म्हणाला, "पण तुह्यासारखं." त्याने माझा पडदा बंद केला, डोळे मिटले आणि जाडजूड बोटं माझ्या बटणांवर ठेवली. दीप्तीचं नाव लिहायला त्याला किती तरी वेळ लागला. तो चुकायचा, मी चुकीचं अक्षर बोलायचो, तो पुसायचा. ती त्याला चुकू देत होती.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना धुळीपासून जपा, आमच्यातलं मोलाचं दुसरीकडेही ठेवा, आणि चमकणाऱ्या प्रत्येक बटणावर भरवसा ठेवू नका. पण त्याआधी एक करा. दुसऱ्याची वस्तू दुरुस्त करायला हात घालाल, तेव्हा आधी त्याला विचारा. त्याच्यासाठी ती काय आहे, हे बाहेरून दिसत नाही. हिरालालला ते डोळे मिटल्यावर दिसलं.