आंपारोचा जोड

माझ्या सासूबाईंचा डावा पाय वाकडा होता. अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला, आणि त्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं. खाली मुलाचा बुटांचा कारखाना, दिवसभर यंत्रांचा खडखडाट, दारात खोक्यांच्या राशी, आणि या बाई मात्र कापडी बुटाला बाजूने कात्री लावून, त्या भोकातून हाड बाहेर काढून चालायच्या. देकुन, म्हणजे माझा नवरा, चिडायचा. "लोक काय म्हणतील? झान देकुनच्या आईला बूट मिळत नाहीत?"

"मिळतात रे," त्या म्हणायच्या. "बसत नाहीत."

चीनमधल्या आमच्या वेनचौ शहरात तेव्हा गल्लोगल्ली बूट बनायचे. तळमजल्यावर कारखाना, वर घर. तळ चिकटवायच्या सोल्युशनचा वास भातालासुद्धा यायचा. आम्ही त्याबद्दल बोलतसुद्धा नव्हतो. तो पैशाचाच वास होता.

माझी नणंद सुयिन स्पेनमध्ये होती. समुद्राजवळच्या एका गावात, जिथे आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बूट करणारे लोक. तिने आणि तिच्या नवऱ्याने तिथे गोदाम घेतलं होतं, आणि आमचा माल ती तिथून विकायची. तिच्या शेजारी आंपारो नावाची बाई राहायची. साठीला आलेली, नवरा वारलेला, घराच्या मागे स्वतःचा छोटा कारखाना, हाताखाली चार-पाच बायका. सुयिनला मुलगी झाली तेव्हा गोदाम सांभाळून बाळ सांभाळायला कोणीच नव्हतं. आंपारो आपणहून पोर उचलून घेऊन जायची. तिच्या शिवणयंत्राच्या आवाजात आमची भाची झोपायला शिकली.

बोलता बोलता सुयिनने एकदा आईच्या पायाचं सांगितलं असणार. तिचा फोन आला, "वहिनी, आईला वर्तमानपत्रावर उभी कर आणि पायाभोवती पेन्सिल फिरव. आंपारो मागतेय."

सासूबाई लाजल्या. परक्या बाईला आपला हा पाय कशाला दाखवायचा? मी जबरदस्तीने त्यांना उभं केलं. सुयिनच्या सासरचं कोणी स्पेनला निघालं होतं, त्याच्याकडे सुकवलेल्या माशांबरोबर तो कागद दिला.

वसंताच्या सणाआधी, आमच्या नव्या वर्षाच्या तोंडावर, पार्सल आलं. तांबूस रंगाचा जोड, साधाच, चकचकीत नाही. सासूबाईंनी पाय घातला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं? टोचतंय?"

"नाही गं." त्यांनी अंगणात एक फेरी मारली, मग दुसरी. "या बाईला माझा पाय कसा कळला?"

त्या संध्याकाळी त्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. शेवयांच्या गाडीवाल्या बाईशी उभ्या उभ्या गप्पा मारल्या. एरवी त्या चार पावलं चालल्या की बसायला जागा शोधत. परत आल्या तेव्हा गाल लाल झाले होते.

देकुन जेवायला वर आला. त्याने दारातला जोड उचलला, उजेडात धरला, आत बोट घालून चाचपला, वास घेतला. मग तळ वाकवून पाहिला. जेवण निवत होतं, तरी तो उभाच.

त्याचं असं होतं. आमचे सासरे मोची होते. वेनचौचे मोची खांद्यावर पेटी टाकून देशभर फिरायचे, तसे तेही उत्तरेला हार्बिनच्या बर्फात रस्त्याकडेला बसून लोकांचे बूट शिवायचे. देकुन चौदा वर्षांचा होता तेव्हापासून त्यांच्या शेजारी. चामड्याला टाके घालायची आरी धरणं तो तिथे शिकला. नंतर परत येऊन त्याने यंत्रं घेतली आणि आरीची गरज संपली.

"आई, दोन दिवस दे मला," तो म्हणाला.

"कशाला?"

"बघतो जरा. ही बाई टाचेला काय करते ते."

त्यांनी दिला. मुलाने मागितलं, त्यांनी दिलं.

सकाळी मी खाली गेले तर तो वडिलांच्या जुन्या बुटक्या स्टुलावर बसलेला. पुढ्यात पांढऱ्या कागदावर आंपारोचा बूट होता, पण बूट म्हणून नव्हता. कातड्याचे तुकडे, तळ, टाचेतली चकती, सगळं ओळीने मांडलेलं. सासूबाई माझ्या मागून आल्या.

"शिवून देतो परत, आई. नवा असल्यासारखा."

तुकडे नमुने कापणाऱ्याकडे गेले. तिथून पायाच्या आकाराचे फर्मे करणाऱ्याकडे. तिथून कुठे गेले, कुणाला ठाऊक. सासूबाईंनी पुन्हा कापडी बुटाला कात्री लावली.

त्या वर्षी आमचा देश जगाच्या व्यापारात नुकताच पुरता शिरला होता, बंदरावर माल भरायला कंटेनर कमी पडत होते. देकुनने नवा माल काढला. आकार आंपारोचा, तिने टाचेला दिलेला बाक तोच. शिवण मात्र खोटी: रबराच्या तळावर टाक्यांसारखी नक्षी साच्यातच उमटवलेली, आणि तळ सोल्युशनने चिकटवलेला. दिसायला फार छान. एक पावसाळा निघाला तरी पुष्कळ.

सुयिनने तिकडे खोकं उघडलं आणि लगेच फोन केला. मीच उचलला. "वहिनी, दादाला दे." तिचा आवाज चिरका झाला होता.

"दादा, हा बूट कोणाचा आहे?"

"आपला."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. मी तो तिच्या मांडीवर पाहिलाय."

"बुटाचा आकार काय कोणाच्या बापाचा असतो? ते लोक इटलीवाल्यांचे बघून करतात, आम्ही त्यांचे बघून करतो. तुला नको असेल तर परत पाठव. शेजारचा लिन घेईल, त्याचं गोदाम तुझ्या समोरच आहे ना?"

सुयिनने माल परत पाठवला नाही. मी तिला दोष देत नाही. भाडं होतं, नवऱ्याच्या भावांचे पैसे अडकले होते, आणि लिनने खरंच घेतला असता. माल भराभर गेला. तिकडे दोन कप कॉफीच्या पैशांत एक जोड.

आठवडी बाजारात ढिगाऱ्यात आंपारोला तो दिसला. सुयिन लांबून बघत होती. आंपारोने एक बूट उचलला, उलटा केला, खोट्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. भांडली नाही. पण त्यानंतर ती सुयिनकडे आली नाही, आणि भाचीला न्यायलाही आली नाही.

पुढच्या वर्षी तिचा कारखाना बंद पडला. एकट्या आमच्या बुटाने पडला असं नाही म्हणता येणार. त्या गावातले निम्मे कारखाने तेव्हा बंद पडत होते. पण हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय, ते मलाच माहीत.

मग एक दिवस तिथले काम गेलेले कामगार मोर्चा घेऊन आमच्या लोकांच्या गोदामांवर आले. लिनचं गोदाम जळालं. सुयिनच्या शटरवर दगड पडले. ती आत नवऱ्याबरोबर अडकलेली, आणि मुलीची शाळा सुटायची वेळ झालेली. पोलिसांनी वाट करून दिली तेव्हा ती धावत शाळेत गेली. फाटकाशी आंपारो उभी होती, भाचीचा हात घट्ट धरून. गर्दी येताना पाहून ती आधीच शाळेत जाऊन उभी राहिली होती. आंपारोचा स्वतःचा धाकटा भाऊ त्या गर्दीत होता.

सुयिन रडायला लागली. आंपारोने मुलीचा हात तिच्या हातात दिला आणि एवढंच विचारलं, "तुझ्या आईला बूट बसले का गं?"

"बसले," सुयिन म्हणाली. "रोज घालते."

हे सगळं सुयिनने आम्हाला फोनवर सांगितलं. देकुन जाळपोळीबद्दलच बोलत राहिला. "आपले बूट आधी आपल्याच लोकांनी जाळले होते, हांगचौच्या भर चौकात. आठवड्यात फाटतात म्हणून. तेव्हा मेलो का आपण? आताही नाही मरणार." सासूबाई मात्र उठून आत गेल्या. जेवायला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नुसतं पेजेचं पाणी प्यायल्या.

तिसऱ्या दिवशी खाली कारखान्याच्या ऑफिसात आल्या, देकुनच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सुयिनला फोन लाव. तिला म्हणावं, त्या बाईकडे जा. मला बोलायचंय."

"आई, झालं गेलं..." देकुन म्हणाला.

"तू गप्प बस."

संध्याकाळी फोन आला. मी सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. पलीकडे सुयिनचा श्वास, आणि मागे कोणीतरी खुर्ची ओढली.

"तिला सांग," सासूबाई म्हणाल्या, "माझी मुलगी खोटं बोलली. मी तो जोड एकच दिवस घातला. त्या दिवसासारखी मी कित्येक वर्षांत चालले नव्हते. मग माझ्या मुलाने तो सुटा केला, आणि मी करू दिला. बाजारात तुम्ही जो पाहिलात, तो त्याच्यावरून निघाला."

"आई, हे कसं सांगू मी?"

"मी म्हणते तसं सांग."

सुयिनने सांगितलं. त्या भाषेतलं आम्हाला काही कळत नव्हतं, तरी तिचा आवाज कुठे अडखळला ते कळलं. मग एक जाड, थकलेला आवाज.

"ती विचारतेय," सुयिन म्हणाली, "त्याने कातडं कापलं, की शिवण उसवली?"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. देकुन भिंतीला टेकून उभा होता. "उसवली," तो हळूच म्हणाला. "आरीने. एकेक टाका."

सुयिनने सांगितलं. पुन्हा तो आवाज.

"ती म्हणते, म्हणजे त्याला काम येतं." सुयिन थांबली. "मग तो असले बूट का करतो, विचारतेय."

देकुनने तोंड उघडलं. "तिला सांग..." तो म्हणाला. कारखान्यात बूट पुढे सरकवणारा पट्टा चालू होता, नवीन मुली खोकी भरत होत्या. "सांग तिला की..." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

सासूबाई दोन हिवाळ्यांनी गेल्या. देकुनने मधे एकदा चांगलं कातडं आणलं होतं, "आई, मी शिवतो तुझ्यासाठी, पाय दे." त्या म्हणाल्या, "राहू दे रे." रागाने नाही. पण पाय दिला नाही.

कारखाना आणखी वाढला. मग मजूर मिळेनासे झाले, गिऱ्हाइकं व्हिएतनामला वळली, आणि आता ती जागा आम्ही घरपोच पार्सलं पाठवणाऱ्या एका कंपनीला भाड्याने दिली आहे. सुयिन दुसऱ्या शहरात गेली, तिने खाणावळ काढली.

स्पेनला देकुन एकदाच गेला, बुटांच्या प्रदर्शनाला. परतल्यावर मी विचारलं, "तिला भेटलास?" तो म्हणाला, "वेळ नव्हता."

परवा, म्हणजे इतक्या वर्षांनी, आम्ही दोघं स्वयंपाकघरात खेकडे साफ करत होतो. तो मान खाली घालूनच बोलायला लागला.

"मी गेलो होतो गं तेव्हा, त्या आंपारोच्या गल्लीत. सगळी दारं बंद. ती बाजारातून येत होती, सुयिनने फोटो दाखवला होता म्हणून ओळखली. दाराला तीन उंच पायऱ्या. मी तिची पिशवी घेतली आणि वर नेऊन ठेवली. तिला वाटलं, तिथल्याच कुठल्यातरी चिनी दुकानातला असेन."

"बोललास का काही?"

"ती बोलली. आभार मानले असतील." त्याने खेकड्याची नांगी मोडली आणि ताटात टाकली. "पिशवी जड होती. बटाटे होते बहुतेक."

"मग?"

"मग काय. ती आत गेली, मी स्टेशनवर आलो."