ट्रायलला कोण बसणार

आमच्या गॅरेजात एकच नियम आहे, आणि तो मिस्त्रींनी घालून दिलेला आहे. ट्रकचे ब्रेक ज्याने जोडले, ट्रायलला आत त्यानेच बसायचं. उतारावर गाडी सोडायची आणि ब्रेक दाबायचा. लागला तर ठीक, नाही लागला तर ज्याची चूक त्याचं डोकं फुटेल. बाकी इथे कशालाच नियम नाही, तोंडाला तर मुळीच नाही. मी कोपऱ्यात बसून सीटांना रेक्झिन शिवते आणि दिवसभर पुरुषांची बडबड ऐकते. हातात दाभण असतं. ते कोणाला खुपसावं या विचारात माझा वेळ बरा जातो.

सगळ्यांत मोठं तोंड माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. ब्रेकचं काम त्याच्याकडे. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त करायला तो मुक्कामी जातो आणि परत आला की कुठल्या थांब्यावर कोण भेटली ते मिटक्या मारत सांगतो. मेव्हणी चार हातांवर बसून ऐकतेय, याची त्याला लाज नाही. उलट माझ्याकडे बघून आवाज चढवतो.

बहिणीला दिवस गेले तेव्हा दवाखान्यात तिची एचआयव्हीची चाचणी झाली. काही निघालं नाही. हा गॅरेजभर सांगत सुटला, "आपला रिपोर्ट स्वच्छ आहे." आपला म्हणे! सुई तिला टोचली आणि छाती याची फुगली.

नर्सने तिला बजावलं होतं, नवऱ्याचीही चाचणी करा, तोवर निरोध वापरा, या दिवसांत लागण झाली तर बाळालाही धोका असतो. तिने घरी जाऊन तसंच्या तसं सांगितलं. त्याने विचारलं, "माझ्यावर संशय घेतेस, का तुझंच काही आहे?" आणि तिची पिशवी दाराबाहेर ठेवली. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. रोज विचारते, "त्यांनी केली का गं?" आणि त्या दिवशी सकाळी म्हणाली, "ताई, केली नाही तरी मी आज संध्याकाळी जाते. किती दिवस रुसून बसू?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. रुसून म्हणे.

नेमका त्याच दुपारी फुगेवाला आला. आरोग्य केंद्राचा माणूस. निरोध वाटतो म्हणून त्याला हे नाव. पूर्वी स्वतः ट्रकवर होता, स्वतःला लागण आहे, रोज गोळी घेतो, आणि हे सगळं तो हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगतो. जेवणाचे डबे उघडले होते. त्याने व्हॅन फाटकाशी लावली आणि म्हणाला, "चाचणी करून घ्या. बायकोच्या रक्तात तुमचा रिपोर्ट नसतो."

"आम्ही काय बांगड्या भरल्यात?" कोणीतरी म्हणालं. "दवाखाने बायकांसाठी."

"आणि आपला तर आलाय रिपोर्ट," आमचे जावई म्हणाले. "बायकोचा स्वच्छ तो आपलाही स्वच्छ. एकाच घरातले आम्ही."

सगळे खिदळले. मी दाभण रेक्झिनमध्ये खोचलं आणि उठले.

"जावईबापू, त्या उभ्या ट्रकचे ब्रेक तुम्हीच जोडलेत ना?"

"हो. का?"

"मग ट्रायलला माझ्या बहिणीला बसवू. एकाच घरातले ना तुम्ही? ती धडधाकट परत आली की तुमचे ब्रेक पास."

या वेळीही हसले, पण त्याला. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "पोटुशी आहे ती. असं बोलताना तुम्हाला काही वाटत नाही, ताई?"

"मी नुसतं बोलतेय. तुम्ही तिला खरंच बसवताय."

त्याने हातातला पाना असा भिरकावला की पत्र्याला पोचा आला. मिस्त्री सहसा कोणाच्या घरात नाक खुपसत नाहीत. ते चिंध्यांनी हात पुसत उठले.

"बाई बरोबर बोलतेय. ज्याने जोडले त्याने बसायचं. तुला स्वतःच्या ट्रायलची भीती वाटत असेल, तर उद्यापासून ब्रेकला हात लावू नको."

"मिस्त्री, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. तुझ्या मागे मी जातो व्हॅनमध्ये."

फुगेवाला मध्ये आला. "अशी जबरदस्ती करून मी कोणाचं रक्त घेणार नाही. तो नको म्हणाला तर नको. आणि यावरून त्याचं काम काढलंत, मिस्त्री, तर मी पुन्हा इथे पाय ठेवणार नाही."

मला त्याचाही संताप आला. मासा गळाला लागला होता आणि हा गळाची दोरीच कापायला निघाला होता. मिस्त्री जावयाकडे वळले. "बरं. काम राहील तुझं," ते म्हणाले. "मी मात्र जातोय." आणि खरोखर व्हॅनकडे चालू लागले.

जावयाने आजूबाजूला पाहिलं. आता कोणी हसत नव्हतं. "घाबरतंय कोण?" असं म्हणून तो मिस्त्रींना ओलांडून पुढे गेला.

आतून यायला त्याला बराच वेळ लागला. मिस्त्री दाराशी तसेच उभे होते. तो त्यांच्याकडे न बघता सरळ माझ्या कोपऱ्यात आला आणि अर्धवट शिवलेल्या सीटवर बसला.

"तिला आज पाठवू नका," तो म्हणाला.

मी रेक्झिनमधलं दाभण काढून घेतलं.

"दवाखान्यात परत तपासायचंय. गोळ्या असतात म्हणे, चांगलं जगता येतं." तो बोटांवरचं ग्रीस खरवडत राहिला. "तिचीही चाचणी पुन्हा करायला लागेल, फुगेवाला म्हणाला. पहिली चाचणी लागणीनंतर लगेच झाली असेल तर त्यात दिसत नाही."

मला त्याची दया आली, आणि दया आली याचा जास्त राग आला. मी जिंकले होते.

"ताई, तिला तुम्ही सांगा ना. मला जमणार नाही."

आमच्यात जावयाला कोणी अरेतुरे करत नाही. मीही कधी केलं नव्हतं.

"तूच सांगायचंस," मी म्हटलं. "दाराबाहेर उभा राहून. आत घ्यायचं का नाही, ते ती ठरवेल."

तो उठला. मागून मिस्त्री व्हॅनमध्ये चढल्याचा आवाज आला.