परत न मिळालेला तास

मित्रांनो, लिस्बनच्या जुन्या बाजारात, जमिनीवर पसरलेल्या चादरीवर, फुटक्या बशांच्या शेजारी मी पडून आहे. मी एक टोल्यांचे घड्याळ आहे. जाणारे-येणारे माझी अक्रोडाची पेटी कुरवाळतात आणि विचारतात, "चालतं का?" विकणारा मान हलवतो. मी का चालत नाही, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझा जन्म पोर्तु शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिबुर्सियु नावाच्या ट्रामचालकाने लग्नाच्या आठवड्यात मला घरी आणले आणि चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात टांगले. त्याची बायको लेओकादिया माझ्या ठोक्यांवर डाळीचे सूप उतरवी, माझ्या ठोक्यांवर त्याचा डबा भरी. दर शनिवारी तो मला किल्ली देई. "घरात एकच शहाणं आहे, तेही भिंतीवर," असे तो म्हणे, आणि ती हातातला फडका त्याच्या पाठीवर मारी.

आमच्या देशात उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे करत आणि सप्टेंबरच्या अखेरीस एका रविवारी तो तास परत मागे घेत. पुढे करणे सोपे होते. पण टोल्यांच्या घड्याळाचा काटा उलटा फिरवला की आतली दातेरी चाके मोडतात. म्हणून तिबुर्सियु त्या रविवारी सकाळी सातला माझा लंबक हाताने थांबवी. मग दोघे माझ्यासमोर खुर्च्या टाकून, कॉफी पीत, तासभर बसून राहत. त्या तासात कामाला हात लावायचा नाही आणि भांडायचे नाही, असा त्यांचा नेम होता. तास संपला की तो लंबकाला बोट लावी. मी पुन्हा चालू लागे.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात तिबुर्सियु गेला. लेओकादियाने काळे कपडे घातले आणि रेडिओवर चादर टाकली. दुखवट्याच्या घरात गाणे-बोलणे वाजत नाही.

पुढच्या सप्टेंबरात तिच्या धाकट्या बहिणीचे, एर्मेलिंदाचे पत्र आले. एर्मेलिंदा पॅरिसला एका इमारतीची राखणदारीण होती. आईच्या अंत्ययात्रेला ती पोचली नव्हती, तेव्हापासून अकरा वर्षे दोघींचा अबोला होता. लेओकादियाने पत्र मोठ्याने वाचले, बहुधा तिबुर्सियुच्या फोटोला ऐकू जावे म्हणून.

"ताई, गावी आले होते. रविवारी अकराच्या गाडीने परत चाललेय. साडेदहापासून स्टेशनच्या दारात उभी राहीन. आलीस तर समजेन, राग गेला. नाही आलीस तरी समजेन."

लेओकादिया चार दिवस गुणगुणत होती. तिने बहिणीसाठी बदामाचा केक भाजला.

तो रविवार नेमका घड्याळे मागे घेण्याचा. सातच्या ठोक्याला तिने माझा लंबक थांबवला आणि समोर एकटीच बसली. तासाभराने मला चालू केले. माझ्यात सात वाजले होते, आणि तेवढ्यात चर्चच्या घंटेचे आठ टोल पडले. ती हसली. "हा घंटावाला मेला दरवर्षी विसरतो. सोमवारी जाग येईल त्याला."

तिला ठाऊक नव्हते की त्या वर्षी सरकारने तास मागे घेतलाच नव्हता. आपले घड्याळ युरोपातल्या मोठ्या शहरांबरोबर चालावे, अशी त्यांना हौस आली होती.

माझ्यात दहा वाजले तेव्हा ती केक घेऊन निघाली. जिन्याखालून शेजारणीचा, एउलालियाचा आवाज आला, "लेओकादियाबाई, नटूनथटून कुठे?" पण ही थांबली नाही.

ती परतली तेव्हा एउलालिया तिला धरून वर आणत होती. केक तसाच फडक्यात होता.

"हमाल म्हणाला, तपकिरी कोटातली एक बाई शिट्टी होईपर्यंत दारात उभी होती," लेओकादिया म्हणाली. "मला का नाही गं सांगितलंस?"

"अहो, आठवडाभर टीव्हीवर बोंबलतायत! मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असेल. आणि माझे गुडघे... तुमचा हा जिना का जिना आहे?"

"आज आलीस ना चढून?"

एउलालियाने तिच्या हातातला केक घेऊन टेबलावर ठेवला.

लेओकादिया माझ्यापुढे उभी राहिली. "खोटारडं मेलं!" म्हणाली आणि लंबक काढून टेबलाच्या खणात टाकला. पन्नासहून अधिक वर्षे मी त्या घराला खरी वेळ सांगितली होती. थांबवले तिने, चालवले तिने, आणि खोटारडे मी.

बहिणीला तिने पत्र लिहायला घेतले आणि फाडले. "घड्याळाने फसवलं असं लिहू? कोण विश्वास ठेवील?" दुसरेही फाडले. मग दौत कपाटात गेली.

त्या हिवाळ्यात मुले अंधारात ठेचकाळत शाळेला जात. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड, पोरे झोपेनात. सगळे शहर चरफडत होते. शेवटी चौथ्या वर्षी सरकारने चूक मान्य केली आणि जुनी वेळ परत आणली. एउलालिया जिन्याखालून ओरडली, "लेओकादियाबाई, मिळाला हो आपला तास परत!"

लेओकादियाने दार लावून घेतले. एर्मेलिंदा आदल्या वर्षीच पॅरिसला वारली होती. तिच्या मुलीने कळवले होते, "आई शेवटपर्यंत म्हणायची, ताई आलीच नाही."

पुढे लेओकादियाही गेली. घर रिकामे करायला आलेल्या माणसाने गंमत म्हणून माझा काटा उलटा फिरवला. आत काहीतरी कडकन मोडले. मला त्याचे फारसे दुःख झाले नाही.

मित्रांनो, तुमच्या देशात घड्याळे मागेपुढे करत नाहीत, हे तुमचे भाग्य. पण नळाच्या पाण्याची वेळ बदलते, बसची बदलते, दवाखान्याची बदलते. बदलणारे टीव्हीच्या पेटीत बसून घोषणा करतात आणि मोकळे होतात. तुमच्या वरच्या मजल्यावर कुणी एकटे माणूस राहत असेल, तर जिना चढा आणि दार वाजवून सांगा. ठाऊकच असेल, असे म्हणून खाली बसून राहू नका. नंतर चढण्यात काही अर्थ नसतो.