एका रेघेच्या भिंती

कचेरीत त्यांना सगळे दुरुस्तीसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. आवक-जावक विभागातून बाहेर पडणारं एकही पत्र त्यांची पेन्सिल फिरल्याशिवाय सुटत नसे. ‘कळवण्यात येते’ असलं तर ते ‘कळवण्यात येत आहे’ करत, आणि ‘येत आहे’ असलं तर ‘येते’. पत्र दोन दिवस उशिरा पोचे, पण निर्दोष पोचे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. अशा माणसाने वयाच्या पन्नाशीत घर बांधायला काढलं, तेव्हा नकाशाचं काय होणार हे त्यांच्या बायकोला पहिल्याच दिवशी कळून चुकलं होतं.

जागा वीस बाय तीस फुटांची. इंजिनियरने सरळसाधा नकाशा काढून दिला: पुढची खोली, झोपायच्या दोन, स्वयंपाकघर, न्हाणी. बायको घरीच कपडे शिवत असे. तिने नकाशावर एकदा नजर टाकली आणि म्हणाली, “माझं मशीन खिडकीशी हवं, उजेड डाव्या हाताकडून यायला हवा. बाकी तुमचं तुम्ही ठरवा.” एवढं बोलून ती पुन्हा कुणाच्या तरी गणवेशाच्या काजांना लागली.

दुरुस्तीसाहेबांनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि पहिल्याच मिनिटाला त्यांना चूक सापडली. इंजिनियरने प्रत्येक भिंत दोन रेघांनी काढली होती. एका रेघेत जे भागतं त्याला दोन कशाला, असा कचेरीतला रोकडा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी चौकटीचा कागद आणून नकाशा नव्याने उतरवला, एकेका रेघेच्या भिंतींनी, आणि घरात आपोआप बरीच जागा निघाली. ते खूश झाले. इतकी वर्षं शिकून इंजिनियरला जे दिसलं नाही ते आपल्याला एका संध्याकाळी दिसलं.

त्या निघालेल्या जागेत त्यांनी एक अभ्यासिका बसवली. चार बाय पाच. मग कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सांगितलं की तिच्या खोलीला आतून कडी लागणारं दार पाहिजे आणि त्या दाराबाहेर लगेच कुणाचं दार नको. त्यासाठी एक बोळ आला. बोळासाठी स्वयंपाकघर दीड फूट मागे सरकलं. मग दादा आले.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. बस आगारात गाड्या लावून घेण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे अडचणीच्या जागेत मोठी वस्तू घुसवण्याचं शास्त्र फक्त आपल्याला येतं, असं ते मानत. त्यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, “जिना कुठाय?”

“दादा, घर एकमजली आहे.”

“आज एकमजली. उद्या वर चढवायचं म्हणशील तर काय शिडी लावशील? जिना आत्ताच घे.”

दुरुस्तीसाहेबांना हे पटलं. दूरदृष्टी हा गुण त्यांना कचेरीत दाखवायला मिळत नसे. जिना आला, स्वयंपाकघर आणखी मागे गेलं. चौथ्या दुरुस्तीनंतर इंजिनियर हात जोडून म्हणाला, “साहेब, तुमचं एकदा पक्कं होऊ द्या, मग माझ्याकडे या.” ही कानउघाडणी होती, पण साहेबांनी ती परवानगी समजून घेतली. पुढचे दोन महिने घरात जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि नकाशे जास्त मांडले गेले. अकरावा नकाशा झाला तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. कागदावर काय नव्हतं? अभ्यासिका होती, बोळ होता, जिना होता, पाहुण्यांच्या चपलांसाठी कोनाडा होता.

बायकोने नकाशा हातात घेतला. “मशीन कुठं आहे?”

“ते काय, कुठेही बसेल.”

मापाची टेप गळ्यात अडकवून ती उठली आणि घरातला पलंग, कपाट, टेबल, फ्रिज, मशीन, सगळ्यांची मापं घेऊन आली. मग रद्दीतले पेपर खळीने एकमेकांना चिकटवले आणि कापडासाठी कागदी साचे कापतात तसे एकेका वस्तूचे साचे कापले. अख्ख्या पलंगाचा साचा घडी घालून पिशवीत जातो, हे साहेबांनी पहिल्यांदाच पाहिलं.

“रविवारी गवंड्याला बोलवा,” ती म्हणाली. “जागेवर चुन्याच्या फक्कीने आखून घेऊ. मी कापड कापायच्या आधी एकदा अंगावर लावून बघतेच.”

रविवारी सकाळी सगळे मोकळ्या जागेवर जमले. गवंडी पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने नकाशा पाहिला, दोरी काढली आणि विचारलं, “साहेब, भिंत कुठं घालू? रेघेच्या आत का रेघेच्या बाहेर?”

“म्हणजे?”

“रेघ एकच दिसते हो. भिंत जाड असते. बाहेरची नऊ इंच, आतली साडेचार, वर गिलावा.”

साहेबांनी चेहरा कचेरीतला ठेवला. बाहेर शेजाऱ्यांची हद्द होती, तेव्हा आत घालण्यावाचून इलाज नव्हता. गवंडी पांढरी फक्की सोडत गेला. प्रत्येक रेघेच्या शेजारी दुसरी रेघ उमटत गेली आणि खोल्या डोळ्यांदेखत आटत गेल्या, पहिल्या धुण्यात कापड आटावं तशा.

आखून झाल्यावर बायकोने साचे पसरले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले. मुलीच्या खोलीत पलंगाचा कागद मावेना. पायथ्याकडचा हातभर मुडपावा लागला. “बाबा, मी काय पाय बोळात ठेवून झोपू?” मुलीने विचारलं. आतून कडी लागत होती, पण दार उघडत नव्हतं.

बायको स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात आडवे पसरले, तर डावा हात न्हाणीत गेला आणि उजवा जिन्यात. तशीच उभी राहून तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

दादा फक्कीने आखलेला जिना चढून बघत होते. गवंडी बाजूने चालत पायऱ्या मोजत होता. “तुम्ही अकरा धरल्यात,” तो म्हणाला. “अकरा पायऱ्यांत माणूस छतापर्यंत पोचतो आणि डोकं आपटून परत येतो. सोळा लागतील. आणि सोळावी पडते ती तिकडं.” त्याने बोट दाखवलं. तिकडे कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. ती सगळं काम सोडून बघत उभी राहिली.

उरली अभ्यासिका. साहेबांनी घरून आणलेली खुर्ची आत ठेवली आणि ते बसले. गुडघे भिंतीतून आरपार बाहेर आले.

“भिंती उभ्या राहिल्या की प्रशस्त वाटेल,” ते म्हणाले. “मोकळ्या जागेवर घर लहानच दिसतं.”

गवंड्याने हातावरची फक्की झटकली. “राग मानू नका साहेब, पण या घरातली सगळ्यात मोठी खोली भिंतींचीच आहे.”

मुलगी फिस्सकन हसली. शेजारीणही. साहेब खुर्चीतून उठायला गेले, तर मागे सरकायला जागा नव्हती म्हणून त्यांना भिंत ओलांडून बाहेर यावं लागलं. त्यांचे कान तापले होते.

बायको मात्र हसली नाही. तिने जमिनीवरच बैठक मारली. “आता सगळ्यांनी खरं सांगा. कुणाला काय पाहिजे ते नको, तिथं बसून काय करणार ते सांगा.”

मुलगी आधी बोलली. “आई, आत्ता मशीन माझ्या खोलीत आहे, म्हणून तुझ्या शिवणाच्या बायका तिथंच मापं द्यायला येतात. मला कडी त्यासाठीच हवी होती. मशीन दुसरीकडे गेलं तर मला साधं दार चालेल.”

“आणि तुम्ही हो? अभ्यासिकेत काय करणार होता?”

“पेपर वाचीन.”

“पेपर तुम्ही कचेरीत वाचून येता.”

कचेरीत साहेबांचं टेबल गेली वीस वर्षं येण्याजाण्याच्या वाटेवर होतं. येणारा-जाणारा त्यावर कोपर टेकून गप्पा मारी. एकदा तरी आपल्या मागे दार लागावं, दारावर आपलं नाव असावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे गवंड्यासमोर कसं सांगायचं? “खोडा ती,” ते म्हणाले.

मग सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादा अजून जिन्यातच, सातव्या-आठव्या पायरीवर उभे होते.

“जिना असू दे थोडा,” ते म्हणाले.

“पण दादा, वर मजलाच नाही,” बायको म्हणाली.

“आज नाही.” दादांनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, परत घातली. “पोरानं दोन खोल्यांचं घर घेतलंय. सून चांगली आहे, तक्रार नाही माझी. पण मी बाहेरच्या खोलीत झोपतो ना, तर त्यांचा टीव्ही बंद होईपर्यंत मला फेऱ्या मारत बसावं लागतं. सगळ्या गल्ल्या पाठ झाल्या. म्हटलं, इथं वरचा मजला होईल तेव्हा होईल, निदान जिना तरी असावा.”

गवंडी उगाचच दोरी गुंडाळू लागला. साहेबांना आठवलं की दोन महिन्यांत दादा नऊ वेळा नकाशा बघायला आले होते आणि दर वेळी जेवायला थांबले होते. आपण त्याला नकाशाची ओढ समजत होतो.

ते अभ्यासिकेपाशी गेले आणि चपलेने भिंत पुसू लागले. आधी एक रेघ, मग दुसरी. मग जिन्याच्या पायऱ्या. दादा त्यांच्या वाटेतून बाजूला झाले. अभ्यासिका आणि जिना मिळून सात बाय नऊची एक खोली निघाली. बायकोने एकट्याच्या पलंगाचा कागद तिथे टाकून पाहिला. मावला, शिवाय एक टेबल. मग बोळ पुसला गेला आणि मशीनचा कागद पुढच्या खोलीत, खिडकी येईल तिथं गेला.

“दादा, इथं,” साहेब म्हणाले. “जिना चढायचा त्रास नाही.”

“तुझी अभ्यासिका?”

“तू बाहेर गेलास की बसेन तुझ्या खोलीत.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बारावा नकाशा इंजिनियरपुढे ठेवला. त्याने तो नीट पाहिला, ड्रॉवरमधून आपला जुना कागद काढला आणि शेजारी धरला. “साहेब, हा माझाच पहिला नकाशा आहे. फक्त एक खोली वाढलीय आणि खिडकी या बाजूला आलीय.”

“त्यात थोडी दुरुस्ती केली आहे,” दुरुस्तीसाहेब म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांनी पुढे जोडलं, “बायकोने.”

पाया भरला, भिंती आल्या, विटांना पाणी मारायला दादा रोज सकाळी हजर राहू लागले आणि गवंड्याशी वाद घालू लागले. घराला छत घालून दोन आठवडे झाले होते, दारं-खिडक्या अजून सुताराकडेच होत्या, तेव्हा एका दुपारी दादा आपलं सगळं दोन पिशव्यांत भरून आणि घडीची खाट घेऊन आले.

“दारं लागू दे की दादा,” साहेब म्हणाले.

“उन्हाळा आहे. दारं कशाला लागतात? सामानावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच.”

साहेबांनी त्यांच्या हातातली एक पिशवी घेतली. ती बरीच हलकी होती.