कातरलेला आवाज

मी एक मोबाइल आहे, आणि माझं आयुष्य आठवायला बसलो की सगळ्यात आधी मला किळस आठवते.

कुठल्या कारखान्यात माझे तुकडे जुळवले, ते मला ठाऊक नाही. मला जाग आली ती बारामतीतल्या एका दुकानाच्या काचेमागं. तिथून मला रविराजनं उचललं. तो मूळचा निमगाव केतकीचा, बारामतीत जाहिराती बनवणाऱ्या एका कचेरीत कामाला. वडापाव खाऊन झाला की तो बोटं पँटला पुसायचा आणि राहिलेलं तेल माझ्या अंगाला. गुटख्याची पुडी आणि मी एकाच खिशात राहायचो. बोलताना त्याच्या तोंडातले लाल शिंतोडे माझ्या काचेवर उडायचे आणि तिथंच वाळायचे. जेवायला बसताना माणसं हात धुतात. मला हातात घेताना कुणाला तसं वाटत नाही.

पुढं त्यानं नवा मोबाइल घेतला आणि मला धाकट्या बहिणीला दिलं. ही सृष्टी, नववीतली. तिनं मला हातात घेतलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग मऊ फडक्यानं पुसून काढलं. चार्जिंगच्या भोकात अडकलेली सुपारीची भुकटी टाचणीनं उकरून काढली. त्या दिवशी मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

निमगावातल्या त्या घरात आजोबांच्या काळी मेंढरांचा कळप होता. आता वडील बिरू डाळिंबाच्या बागांत कामं घेतात आणि आई सिंधुबाई शिवणयंत्र चालवते. सृष्टीला नाद होता खेळांचा आणि कार्टूनचा. महिना संपत आला की ती मला पितळी तांब्याला टेकवून उभं करायची, समोर मांडी घालून बसायची आणि महिनाभरात काय पाहिलं, काय खेळलं, त्यातलं काय आवडलं ते बोलायची. ते मी साठवायचो आणि ती वर्गातल्या मुलींना पाठवायची.

तिचं बोलणं इतरांसारखं नव्हतं. एका कार्टूनमध्ये टपाल वाटणारं एक अस्वल होतं. त्याच्याबद्दल ती म्हणाली होती, “अस्वल रडतं तवा त्याचे डोळे लई मोठे दावलेत, ते मला खरं वाटलं न्हाय. पण त्याची एक चप्पल दारात उलटी पडलेली दावली, तवा मला रडू आलं.” मेंढरं कोंडवाड्यात घालायच्या एका खेळाबद्दल ती म्हणाली, की खरी मेंढरं अशी शिस्तीत चालत नाहीत, मधलं एक तरी बाभळीकडं वळतंच. तरी तो तिला त्या महिन्यातला सगळ्यात आवडलेला खेळ होता.

सिंधुबाई यंत्र थांबवून ऐकायची. मुलींकडून ते बोलणं मामेबहिणींकडं गेलं, सणसरला गेलं, मोरगावला गेलं. पोरं विचारू लागली, या महिन्याचं कधी येणार?

हे रविराजला कळलं. त्यानं आधी तिचं कौतुक केलं. तुझ्या बोलण्याला मी चित्रं जोडतो, अजून लोक ऐकतील, म्हणाला. तिनं आनंदानं सगळं पाठवून दिलं. मग एके दिवशी त्यानं एक खेळ पाठवला, ‘सोनेरी घागर’. हा खेळून बघ आणि या महिन्यात याच्याबद्दल चांगलं बोल, याची जाहिरात आमच्या कचेरीकडं आहे, असा निरोप होता.

तिनं तो माझ्यावर उघडला. मी बरंच काही पाहिलेलं आहे, पण ती दुपार आठवली की मला अजून किळस येते. घागर फिरायची, थांबायची, आणि प्रत्येक वेळी मध्येच उघडीवाघडी चित्रं उसळायची. मग तो खेळ सृष्टीकडं फोटो मागायला लागला, ओळखीच्यांचे नंबर मागायला लागला. तिनं नाही म्हटलं, तरी पुन्हा मागितले. शेवटी तिनं तो पुसून टाकला, हात धुऊन आली आणि भावाला बोलून निरोप पाठवला, “दादा, सोनेरी घागर मला घाण वाटला. मी त्याच्याबद्दल बोलणार न्हाय.”

रविराजनं तिचाच निरोप घेतला. त्यातलं ‘सोनेरी घागर’ एवढंच कापलं. तिच्या जुन्या बोलण्यातलं ‘या महिन्यात मला सगळ्यात आवडलेला खेळ’ कापलं. दोन्ही जोडलं, मागं गाणं लावलं आणि सगळीकडं सोडून दिलं.

ते फिरत फिरत माझ्याकडंच आलं. सृष्टीनं लावलं, आणि जे ती कधी बोललीच नव्हती, ते तिच्या आवाजात माझ्या तोंडून बाहेर पडलं. मला ओकारी येत असती तर मी तिथंच ओकलो असतो. तिनं एकदा ऐकलं आणि मला उलटं करून ठेवलं.

तिची मैत्रीण रेश्मा. तिनं सृष्टीचा आवाज ऐकून तो खेळ आजीच्या, म्हणजे कुशाबाईंच्या मोबाइलवर घेतला. खेळानं मागितलं ते सगळं देऊन टाकलं. दुसऱ्या दिवसापासून कुशाबाईंच्या नावानं घाणेरडी चित्रं जायला लागली. बचत गटातल्या बायकांना गेली, व्याह्यांना गेली, देवळातल्या भजनी मंडळाला गेली. कुशाबाई त्या गटाच्या अध्यक्ष. बायका त्यांना पाहून पदर तोंडाला लावायला लागल्या. रेश्माचं शाळेतही सृष्टीशी बोलणं बंद झालं.

कुशाबाई स्वतः सृष्टीच्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पोरी, तुझा आवाज हुता म्हणून रेश्मानं डोळं झाकून घेतलं.” आणि निघून गेल्या.

पुढच्या रविवारी रविराज पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. सृष्टीनं जेवणाआधीच सगळ्यांसमोर विचारलं. तो हसला. सगळीकडं असंच चालतं म्हणाला, कुणी मेलं का यात, चार दिवसांनी लोक विसरतात. वर तिला नवा मोबाइल आणून देतो म्हणाला. मग पेढा तोंडात टाकून बोलला, “आन तुझाच आवाज हाय की. मी काय दुसऱ्याचा आणला?”

ते चावतं तोंड मी अगदी जवळून पाहत होतो. तेलकट बोटांची, गुटख्याची किळस धुऊन तरी जाते.

सृष्टीनं मला तांब्याला टेकवलं. सिंधुबाईच्या ध्यानात आलं. ती घाईनं म्हणाली, “घरातलं घरात राहू दे, बाळा. भाऊ हाय तुझा.”

“माझा आवाज गावात गेला, आई,” सृष्टी म्हणाली. “मग खरंबी गावातच जाऊ दे.”

रविराज मला हिसकायला उठला. बिरूनं बसल्या जागेवरून पोराचं मनगट धरलं. “बोलू दे तिला,” म्हणाला.

ती बोलली. “मी सृष्टी. या महिन्यात मला आवडलेलं कायबी न्हाय. सोनेरी घागर आवडला असं मी कधीच म्हणले न्हाय. माझ्या भावानं माझं बोलणं कातरून जोडलं. तो खेळ काढून टाका. कुशाआजीच्या नावानं जे गेलं, ते कुशाआजीनं पाठवलेलं न्हाय.”

पाठवायच्या आधी ती मला घेऊन कुशाबाईंकडं गेली आणि त्यांना ऐकवलं. त्यांनी डोळे पुसले. भावाचं ते वाक्य ठेवायचं का काढायचं, ते तुझ्यावर आहे, म्हणाल्या. सृष्टीनं ते ठेवलं.

ते सणसरला गेलं, मोरगावला गेलं, बारामतीतही पोचलं. कचेरीनं जाहिरात मागं घेतली आणि सगळा दोष रविराजवर ढकलून त्याला कामावरून काढलं. आता तो तसल्याच दुसऱ्या कचेरीत आहे, असं ऐकतो. घरी मात्र येत नाही. सिंधुबाई लेकीशी कामापुरतं बोलते आणि यंत्राचं पायडल जोरजोरात मारते. बचत गटातल्या बऱ्याच बायका कुशाबाईंकडं परतल्या, काही नाही परतल्या. रेश्मा मात्र एका सकाळी दारात येऊन उभी राहिली आणि दोघी बरोबरच शाळेत गेल्या.

आता माझी काच तडकली आहे आणि बॅटरी फुगली आहे. तरी सृष्टी मला पुसते. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. आम्हाला तेल लावा, धूळ लावा, आम्ही सोसू. पण जे कुणी बोललंच नाही, ते आमच्या तोंडात घालू नका.

महिनाअखेरीला ती अजूनही बोलते. पण आता ती कुशाबाईंच्या ओट्यावर जाते. पोरंपोरी समोर बसतात आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघून सांगते. जाताना मला घरी ठेवते. मधूनच खिडकीतून पोरांचं हसणं येतं, शब्द कळत नाहीत. या महिन्यात तिला काय आवडलं, ते मला माहीत नाही.